क्रॉस-कंपायलरच्या डीबग माहितीतले फाइल पाथ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोड एका मशीनवर बिल्ड होतो, बोर्डावर चालतो आणि डीबगर तिसऱ्याच मशीनवर असतो, अशा परिस्थितीत काम करणाऱ्यांसाठी हे पान आहे. एका मशीनवर चालून दुसऱ्याच प्रकारच्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा कंपायलर म्हणजे क्रॉस-कंपायलर. उदाहरणं आर्म प्रोसेसरसाठीच्या जीसीसी टूलचेनची (कंपायलर आणि त्याच्या सोबतची साधनं) आणि जीडीबी या डीबगरची आहेत, कारण माझा हात त्यांच्यावरच बसलेला आहे. उदाहरणातला प्रोजेक्ट वीजमीटरच्या फर्मवेअरचा धरला आहे. आज्ञा, पर्याय आणि पाथ इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांतच टाकायचे.

ब्रेकपॉइंटवर बोर्ड थांबतो, पण सोर्स दिसण्याऐवजी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येतं. बिल्ड बिघडलं आहे का?

नाही, बिल्ड ठीक आहे. डीबगर दोन कामं करतो. प्रोसेसर ज्या पत्त्यावर थांबला, त्यावरून तो फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर काढतो. मग त्या नावाची फाइल डिस्कवर शोधतो. तुमच्याकडे पहिलं काम झालं आहे आणि दुसरं अडलं आहे. इथे बरेच जण ऑप्टिमायझेशन बंद करून बघतात, टूलचेन काढून पुन्हा बसवतात, बोर्ड बदलतात. त्यातल्या कशाचाही या तक्रारीशी संबंध नाही.

ब्रेकपॉइंटच लागत नसेल, तर ती गोष्ट वेगळी. एडिटर बहुतेक वेळा फाइलचा पूर्ण पाथ डीबगरला पाठवतो आणि तो पाथ डीबग माहितीतल्या पाथशी जुळत नाही. जीडीबीच्या खिडकीत नुसतं ‘ब्रेक मेन.सी:४२’ टाकून बघा. हे चाललं आणि एडिटरचं लाल टिंब चाललं नाही, तर पाथच जुळत नाही हे नक्की झालं. दोन्ही चाललं नाही, तर ती फाइल ‘-जी’ पर्यायाशिवाय कंपाइल झाली आहे का, ते आधी पाहा.

हा पाथ येतो कुठून? मी तर तो कुठेच लिहिलेला नाही.

कंपायलरने लिहिला आहे. बिल्डमधून जी एल्फ फाइल निघते, तिच्यातली डीबग माहिती ड्वार्फ नावाच्या स्वरूपात असते. त्यात प्रत्येक कंपाइल झालेल्या फाइलसाठी एक नोंद असते आणि त्या नोंदीत आपल्या कामाच्या दोन गोष्टी असतात. एक म्हणजे फाइलचं नाव, आणि ते कंपायलरला कमांड लाइनवर जसं दिलं तसंच्या तसं असतं. दुसरी म्हणजे कंपायलेशन डिरेक्टरी, म्हणजे कंपायलर चालू झाला तेव्हा तो ज्या फोल्डरमध्ये उभा होता ते फोल्डर. नाव सापेक्ष असेल तर डीबगर ते कंपायलेशन डिरेक्टरीला जोडून पूर्ण पाथ तयार करतो.

याशिवाय ओळींचा वेगळा तक्ता असतो. त्यात फाइलांची आणि डिरेक्टऱ्यांची यादी असते आणि कोणता पत्ता कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीचा, ते दिलेलं असतं. हेडर फाइल या तक्त्यात येतात. त्यांचे पाथ इन्क्लूडसाठी दिलेल्या ‘-आय’ पर्यायांवरून ठरतात. म्हणूनच एका प्रोजेक्टमध्ये सी फाइल नीट उघडतात आणि हेडरमधली इनलाइन फंक्शनं मात्र उघडत नाहीत, असा प्रकार होतो.

कंपाइल झालं त्या क्षणी, त्या मशीनवर जे खरं होतं तेच या नोंदीत लिहिलं जातं. नंतर तुम्ही फोल्डर हलवलं, प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर नेला, कंटेनर (बिल्डसाठीचं बंदिस्त वातावरण) पुसून टाकला, तरी एल्फमधली अक्षरं बदलत नाहीत. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

एक बारकावा कमी जणांना माहीत असतो. जीसीसी कंपायलेशन डिरेक्टरी ठरवताना आधी ‘पीडब्ल्यूडी’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघतं. ते खरोखर त्याच फोल्डरकडे जात असेल तर त्यातली अक्षरं जशीच्या तशी उचलतं. त्यामुळे तुम्ही सिम्लिंकमधून, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यातून, फोल्डरमध्ये शिरला असाल, तर डीबग माहितीत सिम्लिंकचा पाथ बसतो, खरा नाही. दोघांनी एकाच सर्व्हरवर एकाच कोडचं बिल्ड केलं आणि पाथ वेगळे आले, तर आधी इथे बघा.

एल्फमध्ये नेमकं काय लिहिलं आहे, ते कसं पाहायचं?

कोणतीही सेटिंग बदलण्याआधी हे करा. माझा सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी सवय हीच आहे.

टूलचेनसोबत येणारं ‘रीडएल्फ’ घ्या. ‘--डीबग-डंप=इन्फो’ दिलं की प्रत्येक नोंदीतलं नाव आणि कंपायलेशन डिरेक्टरी दिसते, आणि ‘--डीबग-डंप=लाइन’ दिलं की डिरेक्टऱ्यांची व फाइलांची यादी दिसते. आउटपुट फार मोठं येतं, म्हणून ते फाइलमध्ये साठवा आणि त्यात आपल्या फाइलचं नाव शोधा. जीसीसीऐवजी क्लँग हा कंपायलर वापरत असाल तर ‘एलएलव्हीएम-ड्वार्फडंप’ हेच काम जास्त नीटस करतं.

जीडीबी आधीच चालू असेल तर बोर्ड थांबल्यावर ‘इन्फो सोर्स’ टाका. त्यात सध्याच्या फाइलचं नाव, कंपायलेशन डिरेक्टरी आणि डीबगरने ठरवलेला पूर्ण पाथ वेगवेगळ्या ओळींवर येतो. पहिल्या दोन ओळी एल्फमधल्या असतात आणि तिसरी डीबगरने त्या जोडून काढलेली. चूक बहुतेक वेळा या जोडणीतच सापडते.

एडिटरच्या एरर खिडकीतला पाथ पुरावा मानू नका. एडिटर तो दाखवताना स्लॅश बदलतो, ड्राइव्हचं अक्षर लहानमोठं करतो, मधले ठिपके काढून टाकतो.

एकाच पाथमध्ये स्लॅश आणि बॅकस्लॅश दोन्ही दिसतात. ही चूक आहे का?

‘सी:\कामे\मीटर/सोर्स/मेन.सी’ असा पाथ विंडोजवरच्या जीसीसीकडून येणं अगदी नेहमीचं आहे. कंपायलेशन डिरेक्टरी विंडोजने सांगितली म्हणून तिच्यात बॅकस्लॅश आले. फाइलचं नाव मेकफाइलमधून (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमधून) आलं आणि तिथे आपण साधे स्लॅश लिहितो. विंडोजला दोन्ही चालतात, विंडोजवर चालणाऱ्या जीडीबीलाही दोन्ही सारखेच. तोपर्यंत यात काही अडत नाही.

अडतं ते लिनक्सवर. लिनक्समध्ये बॅकस्लॅश हे फाइलच्या नावात चालणारं साधं अक्षर आहे. त्यामुळे ‘सोर्स\मेन.सी’ म्हणजे सोर्स फोल्डरातली मेन.सी नव्हे, तर नावातच बॅकस्लॅश असलेली एक फाइल.

विंडोजवर बिल्ड, लिनक्सवर डीबग. पाथच्या सुरुवातीला माझंच होम फोल्डर चिकटतं.

म्हणजे ‘/होम/मी/सी:\कामे\मीटर/सोर्स/मेन.सी’ असं काहीतरी. कारण सरळ आहे. लिनक्सवरच्या जीडीबीला ‘सी:’ ही पूर्ण पाथची सुरुवात वाटतच नाही. त्याच्या लेखी जो पाथ स्लॅशने सुरू होत नाही तो सापेक्ष, आणि सापेक्ष पाथला तो सध्याचं फोल्डर जोडतो.

यावर ‘सेट टार्गेट-फाइल-सिस्टम-काइंड डॉस-बेस्ड’ करून बघा, असा सल्ला मिळतो. तो इथे लागू पडत नाही. ती सेटिंग टार्गेटने स्वतः कळवलेल्या फाइलनावांसाठी आहे, उदाहरणार्थ शेअर्ड लायब्ररी शोधताना. डीबग माहितीतल्या सोर्स पाथसाठी पुढच्या दोन प्रश्नांतले मार्ग आहेत.

‘सेट सब्स्टिट्यूट-पाथ’ दिलं, तरी काहीच फरक पडत नाही. का?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि कारणं बरीच असल्यामुळे उत्तर लांब आहे.

आज्ञेचं रूप सोपं आहे: आधी जुना पाथ, मग नवा. समजा बिल्ड कंटेनरमध्ये झालं आणि तिथे प्रोजेक्ट ‘/वर्क/मीटर’मध्ये होता. तुमच्या लॅपटॉपवर तो ‘/होम/मी/मीटर’मध्ये आहे. मग ‘सेट सब्स्टिट्यूट-पाथ /वर्क/मीटर /होम/मी/मीटर’ लिहिलं की झालं. दोन्ही बाजू लिनक्स असतील तर हे पहिल्याच फटक्यात चालतं.

चाललं नाही तर आधी ‘शो सब्स्टिट्यूट-पाथ’ करा आणि जीडीबीने नियम कसा वाचला ते बघा. विंडोजचा पाथ एकेरी बॅकस्लॅशने लिहिला असेल तर ते सगळे बॅकस्लॅश गायब झालेले दिसतील आणि ‘सी:कामेमीटर’ एवढंच उरलेलं असेल. जीडीबीच्या आज्ञेत बॅकस्लॅश म्हणजे पुढचं अक्षर जपून घ्यायची खूण. म्हणून तो दोनदा लिहायचा: ‘सी:\\कामे\\मीटर’.

नियम पाथच्या सुरुवातीपासूनच जुळवला जातो आणि फोल्डरच्या पूर्ण नावावरच संपावा लागतो. ‘/वर्क/मी’ हा नियम ‘/वर्क/मीटर’ला लागणार नाही. एकापेक्षा जास्त नियम असतील तर ते लिहिलेल्या क्रमाने तपासले जातात आणि जुळणारा पहिला नियम वापरला जातो. म्हणून आतल्या फोल्डरचा खास नियम आधी लिहा आणि सगळ्या प्रोजेक्टचा सर्वसाधारण नियम नंतर. लिनक्सवर लहानमोठ्या अक्षरांचा फरक मोजला जातो, हेही लक्षात असू द्या. ‘सी:’ मोठ्या लिपीत की लहान, एवढ्यावरूनही नियम हुकतो.

आता खरी गाठ. नियम फोल्डरच्या नावावर संपला पाहिजे असं म्हटलं, पण नाव कुठे संपलं हे जीडीबी ज्या मशीनवर चालतो त्या मशीनच्या रीतीने ठरवतो. लिनक्सवर फक्त स्लॅश हीच सीमा. ‘सी:\कामे\मीटर\सोर्स\मेन.सी’ या पाथला ‘सी:\\कामे\\मीटर’ हा नियम अक्षरशः जुळतो, पण जुळलेल्या भागानंतर बॅकस्लॅश येतो, तो सीमा धरला जात नाही, आणि नियम सोडून दिला जातो. कसलाही एरर येत नाही. मी स्वतः यात जवळजवळ दोन दिवस घालवले आहेत. नियम डोळ्यांसमोर बरोबर दिसत होता आणि मी मात्र स्पेलिंग तपासत बसलो होतो.

त्यामुळे लिनक्सवर विंडोजचा पाथ तेव्हाच बदलता येतो, जेव्हा नियमाचा शेवट कंपायलेशन डिरेक्टरीच्या बरोबर शेवटी येतो आणि पुढचं फाइलचं नाव साध्या स्लॅशने लिहिलेलं असतं. कंपायलेशन डिरेक्टरी ‘सी:\कामे\मीटर’ आणि नाव ‘सोर्स/मेन.सी’ असेल तर काम होतं. नाव ‘सोर्स\मेन.सी’ असेल तर होत नाही. अशा वेळी डीबगरशी झटापट करू नका, बिल्डकडे वळा.

बिल्डमध्येच दुरुस्ती करायची असेल तर कोणता पर्याय द्यायचा?

मी नेहमी हाच मार्ग सुचवतो. डीबगरमधली दुरुस्ती प्रत्येकाला आपापल्या मशीनवर करावी लागते. बिल्डमधली दुरुस्ती एकदाच होते आणि पुढच्या प्रत्येक एल्फबरोबर सगळ्यांपर्यंत पोचते.

जीसीसीमध्ये तीन भावंडं आहेत. ‘-एफ-डीबग-प्रीफिक्स-मॅप’ फक्त डीबग माहितीतले पाथ बदलतं. हे २००८ च्या जीसीसी ४.३ पासून आहे. ‘मॅक्रो-प्रीफिक्स-मॅप’ हे फाइलचं नाव देणाऱ्या मॅक्रोमधले पाथ बदलतं, आणि ‘फाइल-प्रीफिक्स-मॅप’ दोन्ही एकदम करतं. हे दोन २०१८ च्या जीसीसी ८ मध्ये आले. टूलचेन त्यानंतरची असेल तर सरळ तिसरं वापरा. फाइल शब्दाआधी पर्यायाचा एफ येतो, त्यामुळे टाइप करताना दोन एफ लागतात. एक राहून गेला की कंपायलर पर्याय ओळखत नाही.

रूप असं: ‘=जुना=नवा’. वीजमीटरच्या प्रोजेक्टसाठी मी जुना म्हणून प्रोजेक्टचं मूळ फोल्डर देतो आणि नवा म्हणून एक ठरलेलं नाव, जसं ‘/मीटर’. असं फोल्डर कुठल्याच मशीनवर नसतं आणि ते नसलेलंच बरं. मग प्रत्येकाच्या जीडीबी सेटिंगमध्ये एकच नियम राहतो: ‘/मीटर’च्या जागी माझं फोल्डर. बिल्ड विंडोजवर झालं, लिनक्सवर झालं की कंटेनरमध्ये झालं, हा प्रश्नच उरत नाही. काही जण नवा पाथ म्हणून नुसता एक टिंब देतात. जीडीबी प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमधूनच चालवला जाणार असेल तर तेही चालतं, पण दोन रिपॉझिटरी एकत्र बिल्ड होत असतील तर दोन्हींचे पाथ एकमेकांत मिसळतात.

हे पर्याय वापरताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. जीसीसी इथे फोल्डरची सीमा बघत नाही, नुसती सुरुवातीची अक्षरं जुळवतं. ‘/वर्क/मीटर’ हा नकाशा ‘/वर्क/मीटर-जुना’लाही लागतो. जीडीबीच्या बरोबर उलटी गोष्ट क्रमाचीही आहे: एकाहून जास्त नकाशे दिले तर जीसीसी शेवटचा आधी तपासतं. आणि बदल फक्त जुळलेल्या भागापुरता होतो, उरलेल्या भागातले स्लॅश जसे आहेत तसेच राहतात. त्यामुळे विंडोजवर बिल्ड करताना कंपायलर प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमधून चालवा आणि फाइलांची नावं मेकफाइलमध्ये साध्या स्लॅशने द्या. मग बॅकस्लॅशवाला सगळा भाग नकाशात जातो आणि मागे स्वच्छ पाथ उरतो.

योक्टो आणि डेबियनसारखी लिनक्सची मोठी बिल्डं हीच युक्ती वापरतात. तिथे आणखी एक हेतू असतो: कोणत्याही फोल्डरमध्ये बिल्ड केलं तरी बाइट-टू-बाइट तेच निघावं.

नकाशा दिला, तरी काही फाइलांचे पाथ जुनेच आहेत.

बहुतेक त्या असेंब्ली फाइल असतील. स्टार्टअप कोड जीसीसीमार्फत न जाता थेट असेंबलरकडे जात असेल, तर जीसीसीचे पर्याय त्याला कळत नाहीत. असेंबलरला त्याचा स्वतःचा ‘--डीबग-प्रीफिक्स-मॅप’ पर्याय द्या, किंवा असेंब्ली फाइलही जीसीसीमार्फतच पाठवा.

किंवा त्या आधीच कंपाइल होऊन आलेल्या लायब्ररीच्या असतील. ‘मेमकॉपी’त पाऊल टाकलं आणि कधी न पाहिलेला पाथ दिसला, तर ज्या मशीनवर टूलचेनच तयार झाली त्या मशीनचा तो पाथ आहे. त्यात तुमची काही चूक नाही. सोर्स मिळवून सब्स्टिट्यूट-पाथ देता येतो, पण माझ्या मते त्या फंक्शनमधून ‘फिनिश’ करून बाहेर यावं आणि आपलं काम करावं.

गिट बॅशमधून बिल्ड केलं की पाथ भलतेच होतात.

विंडोजवर पाथ लिहिण्याच्या निदान चार रीती एकत्र नांदतात. विंडोजचं स्वतःचं ‘सी:\कामे’. गिट बॅश आणि एमसिस-२ मध्ये ‘/सी/कामे’. सिग्विनमध्ये ‘/सिगड्राइव्ह/सी/कामे’. डब्ल्यूएसएलमध्ये ‘/एमएनटी/सी/कामे’. फोल्डर एकच, पाथ चार, आणि डीबग माहितीत यांतला कोणताही येऊ शकतो. कंपायलर विंडोजचा आहे की त्या त्या वातावरणाचा, यावर ते ठरतं.

गिट बॅश आणि एमसिस-२ एक पाऊल पुढे जातात. विंडोजचा प्रोग्रॅम चालवताना युनिक्स पाथसारखी दिसणारी प्रत्येक गोष्ट ते आपणहून विंडोज पाथमध्ये बदलतात. एरवी हे सोयीचं असतं. पण प्रीफिक्स-मॅपमध्ये नवा पाथ म्हणून ‘/मीटर’ दिला की त्याचंही रूपांतर होतं आणि डीबग माहितीत गिटच्या इन्स्टॉलेशनचं फोल्डर येऊन बसतं. एमसिस-२ मध्ये ‘एमसिस२_आर्ग_कॉन्व्ह_ईएक्ससीएल’ या व्हेरिएबलमध्ये तुमच्या पर्यायाची सुरुवात लिहा, म्हणजे तेवढा पर्याय रूपांतरातून वगळला जातो. गिट बॅशमध्ये ‘एमसिस_नो_पाथकॉन्व्ह=१’ दिलं की रूपांतर पूर्ण थांबतं. मग मात्र बाकीचे पाथ तुम्हीच विंडोजच्या रीतीने द्यायचे.

एक पाथ दुसऱ्या रीतीत हवा असेल तर हाताने अक्षरं बदलू नका. सिग्विनमध्ये ‘सिगपाथ’ आहे, डब्ल्यूएसएलमध्ये ‘डब्ल्यूएसएलपाथ’. दोन्हींना ‘-एम’ दिलं की ‘सी:/कामे’ असं साध्या स्लॅशचं विंडोज रूप मिळतं. मेकफाइल, जीसीसी, जीडीबी आणि जेसन, चारही ठिकाणी निमूट चालणारं हे एकच रूप आहे.

मेक ‘मल्टिपल टार्गेट पॅटर्न्स’ म्हणून थांबतं. याचाही संबंध पाथशीच का?

हो. कंपायलरने बनवलेल्या डिपेंडन्सी फाइलमध्ये ‘सी:/कामे/…’ असा पाथ येतो. सिग्विनचं मेक ड्राइव्हनंतरचं कोलन (:) टार्गेट संपल्याची खूण समजतं. त्या डिपेंडन्सी फाइल पुसा, आणि मेक व कंपायलर एकाच वातावरणातले घ्या.

जनरेटरने तयार केलेल्या सी फाइलचा पाथ अर्धवट तुटलेला दिसतो.

जनरेटर सी फाइलमध्ये ‘#लाइन’ सूचना घालतो, म्हणजे डीबगरमध्ये मूळ व्याकरणाची किंवा मॉडेलची फाइल दिसावी. या सूचनेतलं फाइलनाव साध्या स्ट्रिंगच्या नियमाने वाचलं जातं. बॅकस्लॅशनंतर एन अक्षर आलं की नवी ओळ, टी आलं की टॅब. फोल्डरचं नाव यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू होत असेल तर पाथ तिथेच फाटतो. ‘#इन्क्लूड’मध्ये असं होत नाही, म्हणून हे पटकन ध्यानात येत नाही. जनरेटरला इनपुट फाइलचा पाथ साध्या स्लॅशने आणि सापेक्ष द्या.

माझे पाथ बोर्डावर जातात का? ग्राहकाला ते दिसतील का?

ड्वार्फची माहिती एल्फ फाइलमध्ये राहते. फ्लॅशमध्ये जाणाऱ्या बिन किंवा हेक्स फाइलमध्ये ती येत नाही. पण ‘असर्ट’ आणि लॉगचे मॅक्रो फाइलचं नाव स्ट्रिंग म्हणून वापरतात, आणि ती स्ट्रिंग खरोखरच फर्मवेअरमध्ये जाते. बिन फाइलवर ‘स्ट्रिंग्ज’ चालवा. तुमचं युजरनेम आणि अख्खं फोल्डर त्यात दिसलं तर नवल नाही. ३२ केबी फ्लॅशच्या कंट्रोलरवर शंभर-शंभर अक्षरांचे पाथ परवडत नाहीत, आणि खासगीपणाचा प्रश्न आहे तो आहेच. फाइल-प्रीफिक्स-मॅपने दोन्ही सुटतात. नुसतं फाइलचं नावच पुरत असेल तर क्लँग ९ आणि जीसीसी १२ पासून ‘फाइल_नेम’ हा वेगळा मॅक्रो मिळतो, तो पाथ गाळून फक्त शेवटचं नाव देतो.

व्हीएस कोडमध्ये हे सगळं कुठे लिहायचं?

लाँचच्या जेसन फाइलमध्ये ‘सोर्सफाइलमॅप’ आहे. डावीकडे एल्फमधला पाथ, उजवीकडे तुमचा. जेसनमध्येही बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो. तुमचं एक्स्टेन्शन हा नकाशा वाचत नसेल, तर सुरुवातीच्या जीडीबी आज्ञांमध्ये सब्स्टिट्यूट-पाथ लिहा, परिणाम तोच. एलएलडीबी या दुसऱ्या डीबगरमध्ये याला ‘टार्गेट.सोर्स-मॅप’ म्हणतात.

फोल्डरचं नाव मराठीत ठेवलं आहे. पाथमध्ये प्रश्नचिन्हं का येतात?

विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमना फाइलनावं एका ठरावीक कोड पेजमधून मिळतात. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असं जुनं कोड पेजच नाही. मराठी आणि हिंदी तिथे फक्त युनिकोडमधून चालतात. म्हणून जुन्या बांधणीच्या कंपायलरला ‘कामे’ हे नाव देवनागरीत असलं तर प्रश्नचिन्हंच मिळतात आणि तीच डीबग माहितीत उतरतात. एकदा अक्षरं गेली की कोणताही सब्स्टिट्यूट-पाथ ती परत आणू शकत नाही.

लिनक्सवर यूटीएफ-८ मुळे हे चालून जातं. फक्त एडिटर आणि जीडीबीमधल्या संवादात प्रत्येक देवनागरी अक्षराऐवजी तीन बाइटांचे अष्टमान आकडे दिसतात. ती खराबी समजू नका. आपल्या भाषेत फोल्डर ठेवता यावं असं मलाही मनापासून वाटतं. माझ्या घरच्या मशीनवर सगळी कागदपत्रं मराठी नावांनीच आहेत. पण क्रॉस-कंपायलरच्या प्रोजेक्टचं फोल्डर आज तरी इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा. विंडोजवर लॉगिनचं नाव मराठीत असेल तर टेम्प फोल्डरचा पाथही मराठी होतो, म्हणून ‘टेम्प’ आणि ‘टीएमपी’ ही दोन व्हेरिएबलं साध्या फोल्डरकडे वळवा.

फाइल जागेवर आहे, पाथही बरोबर आहे, तरी विंडोजवर उघडत नाही.

पाथची लांबी मोजा. विंडोजची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे. आर्म टूलचेनच्या हेडरचे पाथ ‘बिन\..\लिब\जीसीसी\..\..\..’ असे वळसे घेत जातात आणि ते वळसेही लांबीत धरले जातात. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून लांब पाथची सोय रजिस्ट्रीतून चालू करता येते, पण प्रोग्रॅमनेही ती मान्य केलेली असावी लागते. टूलचेन आणि प्रोजेक्ट आखूड फोल्डरमध्ये हलवणं हा उपाय कंटाळवाणा आहे, पण हमखास आहे. ‘सब्स्ट’ने वेगळं ड्राइव्ह अक्षर घेतलंत तर ते अक्षरही डीबग माहितीत जाईल, म्हणून ते प्रीफिक्स-मॅपमध्ये धरा.

टूलचेन अपडेट केली आणि काही जुनी साधनं चुकीची फाइल दाखवू लागली.

जीसीसी ११ पासून, म्हणजे २०२१ पासून, काही न सांगता ड्वार्फ ५ निघतं. क्लँगने १४ व्या आवृत्तीत तेच केलं. ड्वार्फ ५ मध्ये ओळींच्या तक्त्यातल्या फाइलांची मोजणी शून्यापासून सुरू होते आणि शून्याव्या डिरेक्टरीत कंपायलेशन डिरेक्टरी स्पष्ट लिहिलेली असते. ड्वार्फ ४ पर्यंत फाइल एकपासून मोजत आणि शून्यावी डिरेक्टरी न लिहिता गृहीत धरत. जुनी साधनं एका घराने चुकतात, नाहीतर ‘??’ छापून मोकळी होतात. ती साधनं बदलेपर्यंत ‘-जी-ड्वार्फ-४’ द्या.

फील्डमधून क्रॅशचा पत्ता आला आहे. बिल्ड दोन वर्षांपूर्वीचं आहे आणि ते मशीन आता नाही.

एल्फ जपलेली असेल तर मशीन नसलं तरी चालतं. ‘अ‍ॅड्रटूलाइन’ला ‘-ई’ने ती एल्फ द्या, ‘-एफ’ने फंक्शनचं नाव आणि ‘-आय’ने इनलाइन झालेली साखळी मागा. सोर्स फाइल डिस्कवर आहे की नाही हे ते बघतच नाही, पाथ नुसता छापतं. लांबलचक पाथ नको असेल तर ‘-एस’ दिल्यावर फक्त फाइलचं नाव येतं. मग त्याच कमिटचा कोड चेकआउट करून ओळ बघा.

कमिट कोणता, हे कळण्यासाठी ते फर्मवेअरच्या व्हर्जन स्ट्रिंगमध्ये असायला हवं, आणि रिलीजच्या वेळी बिनबरोबर स्ट्रिप न केलेली (डीबग माहिती काढून न टाकलेली) एल्फही जपलेली हवी. नुसती बिन जपली असेल तर त्याच टूलचेनने, त्याच पर्यायांनी पुन्हा बिल्ड करून निघालेली बिन जुनीशी ताडून बघा. पूर्वी असर्टमध्ये पूर्ण पाथ जात असतील आणि आता फोल्डर वेगळं असेल, तर स्ट्रिंगांची लांबी बदलते, त्यामागचे पत्ते सरकतात आणि दोन्ही बिन जुळत नाहीत. अशा वेळी प्रीफिक्स-मॅपमध्ये ‘नवा’ म्हणून जुन्या मशीनवरचा पाथ द्या. तो जुन्या बिनमधल्या असर्टच्या स्ट्रिंगमध्येच ‘स्ट्रिंग्ज’ने सापडतो. बिन तंतोतंत जुळली की सोबत तयार झालेल्या एल्फवर भरवसा ठेवून पत्ता काढायला हरकत नाही.